आगोटीतलं पहिलं पान

आगोट जवळ आली हे मला आता वाऱ्यावरून कळत नाही, स्क्रीनवरून कळतं. बोईसरला झेरॉक्सच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस. तिथे खिडकीकडे पाठ करून मी बसते आणि लोकांनी सर्चमध्ये काय काय टाइप केलं त्याची रेघ बघते. वर्षभर ती रेघ ओहोटीच्या चिखलासारखी सपाट पडलेली. एप्रिल सरता सरता जरा मान वर करते आणि मे लागला की उभी चढते. सुके बोंबील. सोडे. जवळा. करंदी. पाऊस लागायच्या आत, बोटी वर ओढायच्या आत, चार महिन्यांची बेगमी घरात भरून ठेवायची, तिला आमच्याकडे आगोट म्हणतात. पूर्वी ती डोक्यावर टोपली घेऊन दारात यायची. आता निळी रेघ होऊन माझ्यासमोर येते. परवा संध्याकाळी ती चढायला लागली आणि तव्यावर मिरची पडल्यावर नाकात जातं ना, तसा मला तो आठवला.

त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. घाबरून नाही हां. नाव लिहिलं की उल्लेख झाला, आणि उल्लेख झाला की सर्चला वाटतं, अरे, या माणसाबद्दल लोक बोलतायत, मोठा दिसतो. माझ्या धंद्यात वैऱ्याला शिव्या द्यायच्या तर निनावी द्यायच्या. फुकटची जाहिरात माझ्या बापानेही कोणाला दिली नव्हती. तो आमच्या गावाला, मुरब्याला आला तेव्हा डोक्यावर गवताची टोपी होती, किनाऱ्यावर फोटो काढायला येणारे घालतात तसली. म्हणून तो आमच्यासाठी टोपीवाला. मागाहून त्याने लोकांना घातली ती वेगळी.

तीन थंड्या झाल्या त्याला. जनामावशी, म्हणजे माझ्या आईची मोठी बहीण, वाळूवरच्या बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील टाकत होती. एकाच्या तोंडात दुसऱ्याचं तोंड अडकवायचं आणि जोडी दोरीवर लटकवायची. मावशीचे हात हे काम बोलता बोलता करतात, तिला बघावंही लागत नाही. टोपीवाला तिच्याभोवती मोबाइल घेऊन फिरत होता. "मावशी, जरा समुद्राकडे बघा. हसा ना." मावशी म्हणाली, "दर्याकडं बगून हसायला मी काय येडी हाय?" आणि त्यावरच हसली. तेवढंच त्याने उचललं. मावशीने त्याला चहा दिला, चुलीवर भाजलेला बोंबील दिला, वर म्हणाली, "पोरगा गरीब दिसतो गो, उन्हात टोपी घालून फिरतो."

गरीब पोराने पुढच्या आगोटीला वेबसाइट काढली. पहिल्याच पानावर मावशीचं हसू. खाली लिहिलेलं, 'आमच्या जनामावशीच्या हातचे, अस्सल किनारी वारसा, प्रीमियम.' आणि व्हिडिओत मावशीचा आवाज म्हणून भलतीचाच आवाज. "ये गो बाय, बोंबील घे गो बाय!" मला सगळ्यात जास्त चीड कशाची आली सांगू? त्या आवाजाची. मी शाळेपासून नकला करते. मुरब्याच्या शाळेत हेडमास्तरांची नक्कल करताना हेडमास्तर मागे येऊन उभे राहिले आणि पोरांना वाटलं, दोन झाले. पालघरला कॉलेजात प्राचार्यांच्या आवाजात मी अख्ख्या वर्गाला सुट्टी दिलीय. मला विचार, मावशी कशी बोलते. ती गिऱ्हाइकाला 'ये गो बाय' कधीच करत नाही. ती नुसतं टोपलीवरचं फडकं उचलते आणि म्हणते, "बग." बस. तो 'बग' असा असतो की माणूस बसतोच. आणि इथे कुठल्या तरी स्टुडिओतली बाई नाचाच्या गाण्यासारखं ओरडत होती. चोरी केली ती केली, वर नक्कल इतकी घाण!

माल तर मावशीचा नव्हताच. एका गिऱ्हाइकाने पाकीट आणून तिच्यासमोर आपटलं. मावशीने एक बोंबील मोडला, वास घेतला, जिभेला लावला आणि थुंकली. "शिळा सुकवलाय. हा आमच्या बंदराचा नाय." पण सांगणार कोणाला? त्या आगोटीला बोईसरच्या बाजारात ती भरली टोपली घेऊन बसायची आणि लोक उभ्याउभ्या बोलून जायचे. "मावशी, मोठ्या झालात, ऑनलाइन गेलात!" "मावशी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, कपाटभर वास सुटला." कंपनीतून सुटलेला सालवडचा एक कामगार तर म्हणाला, "मौसी, फोटो में तो बहुत हँस रही थी, माल में रुला दिया."

मावशीला ते सगळं पचलं असतं. पचली नाही ती शिंदेकाकू. कॉलनीतल्या शिंदेकाकू मूळच्या साताऱ्याकडच्या. नवऱ्याच्या नोकरीपायी लग्न होऊन इकडे आल्या तेव्हा बोंबील बघून पदर नाकाला लावायच्या. मावशीने त्यांच्या ओट्यापाशी उभं राहून शिकवलं. डोकं मोडायचं कसं, शेपूट काढायचं कसं, कांदा किती, चिंच कधी. तेव्हापासून दर आगोटीला मावशीची टोपली पहिल्यांदा उतरायची ती शिंदेकाकूंच्या दारात, भवानी त्यांच्या हातची. त्या वर्षी मावशी गेली तर काकूंनी जाळीच्या दारातूनच सांगितलं, "यंदा घेतलेत हो. ऑनलाइन आले." मावशी घरी आली, टोपली उतरवली आणि आईला म्हणाली, "शिंदीनीनं माझ्याच तोंडाचं पाकीट गेतलं आनि माझ्याच तोंडावर दार लावलं."

'तक्रार कर की,' असं सगळे म्हणाले. मी टोपीवाल्याला लिहिलंही, पानावरून मावशीचा फोटो काढून टाका म्हणून. त्याचं उत्तर आलं, 'मावशी आमच्या परिवाराचाच भाग आहेत,' पुढे हात जोडलेलं चित्र. पुढे अजून वर तक्रार करायची म्हणजे तिचा निकाल लागेपर्यंत दोन आगोटी गेल्या असत्या. माझ्याकडे त्याहून धारदार कोयता होता. दिवसभर मी एमआयडीसीतल्या कंपन्यांचे पाइप आणि व्हॉल्व्ह सर्चमध्ये वर चढवत होते. जिने लोखंडाच्या नळीला पहिल्या पानावर बसवलं, तिला बोंबील जड जाणार होता का?

मावशीला समजवायला गेले तर तिला आधीच समजलेलं. "म्हंजे बाजारासारकंच की. तोंडाशी जागा मिळाली तर गिऱ्हाईक पयलं तुझ्याकडं. मागं नाल्याजवळ बसलीस तर माश्या तेवड्या येनार."

"हां. आणि तो टोपीवाला आत्ता तोंडाशी बसलाय."

"माझा फोटू लावून?"

"तुझाच."

मावशीने हातातल्या बोंबलाचं डोकं मोडलं. आवाज आला.

पहिल्यांदा माझ्या डोक्यात सरळ सूड होता. मी म्हटलं, मला पन्नास आवाज येतात, पन्नास खोटी माणसं बनून त्याच्या पानावर पन्नास घाणेरडे अभिप्राय टाकते. मावशी म्हणाली, "नाय. शिव्या द्यायच्या तर त्याच्या तोंडावर देऊ. बुरखा घालून शिव्या देनारी मी नाय." मग सूड लांबवावा लागला, मुरवावा लागला. लोणचं मुरतं तसा तोही बरा मुरला, हे मात्र खरं.

त्याच्या पानावर काय होतं? 'प्रीमियम सन-ड्राइड बॉम्बे डक.' अरे, बोंबलाला बोईसरला कोण असं म्हणतं? इथेच मला त्याची मान सापडली. सर्च म्हणजे शेवटी माणसाने एकट्याने विचारलेला प्रश्न, आणि कोण काय कसं विचारेल हे नकला करणाऱ्या पोरीला कोणी शिकवायला नको. पाऊस उघडल्यावर मी मावशीच्या ओट्यावर बसायचे आणि सुरू व्हायचे. कॉलनीतली नवी सून, नाकातून: "अगं, फ्लॅटमध्ये वास न येता बोंबील कसे ठेवायचे?" सालवडच्या खोलीवरचा भाऊ: "बोईसर में अच्छी वाली सूखी मछली किधर मिलेगी, भाई?" शिरगावचा म्हातारा, किल्ल्यावरून ओरडल्यासारखा: "सोडे असली हायत का रंगवलेले, कसं वलकायचं?" पालघरची मास्तरीण: "सुकट पावसाळ्यात किडू नये म्हणून काय करावे?" मावशी पोट धरून हसायची आणि हसता हसता उत्तर द्यायची. मी तिचं उत्तर तिच्याच बोलीत रेकॉर्ड करायचे. प्रत्येक प्रश्नाचं एक पान. वर प्रश्न, खाली मावशीचं उत्तर, सोबत तिच्या हातांचा फोटो. चेहरा मुद्दाम नाही. चेहरा एकदा चोरीला गेला होता.

नकाशावर बाजारातली तिची जागा टाकली, किती वाजल्यापासून बसते ते टाकलं. फोटो हलके केले, खोलीवरच्या फुसक्या नेटवरही झटकन उघडावेत म्हणून. टोपीवाल्याचं पान उघडेपर्यंत तर माणूस जेवून उठला असता. जे कोणी घ्यायचे त्यांना म्हटलं, बरे निघाले तर बरे लिहा, वाईट निघाले तर वाईट लिहा, पण तुमच्या तोंडचं लिहा. बचत गटाच्या बायकांच्या पानावरून, पालघरच्या एका बाईंच्या स्वयंपाकाच्या पानावरून मावशीकडे बोट दाखवणारे दुवे मिळवले. फुकट नाही, दर वेळी सोड्याचं खिचडीइतकं पुडकं पोचवून. दुसऱ्याने तुमच्याकडे बोट दाखवलं की सर्च तुम्हाला मानतं. तुम्ही स्वतःच छाती पिटून 'प्रीमियम, प्रीमियम' केलंत तर ते तोंड फिरवतं. निदान या बाबतीत यंत्राला माणसापेक्षा अक्कल आहे.

ती थंडी मला अशी आठवते: दोऱ्यांवर बोंबील वाळतायत आणि माझा राग वाळतोय. दोघांचाही वास सुरुवातीला येतो, मग जातो, मग कडकपणा येतो. एमआयडीसीकडून वारा फिरला की केमिकलचा आंबट भपका, दर्याकडून फिरला की मीठ. रोज सकाळी दात घासायच्या आधी मी बघायचे, मावशी कुठे पोचली. नवव्या पानावर होती, पाचव्यावर आली, तिसऱ्यावर अडली. सणासुदीला अडलीच राहिली. होळीनंतर दुसऱ्यावर. सूड घेणाऱ्याला धीर नसतो असं कोण म्हणतं? पोराची वाट बघावी तशी मी त्याच्या घसरण्याची वाट बघितली. आणि गेल्या वर्षी आगोटीची रेघ चढायला लागली त्याच आठवड्यात मावशी पहिल्या पानावर सगळ्यात वर, आणि टोपीवाला खाली, खाली, नाल्याजवळ. मी ऑफिसात उभी राहून हेडमास्तरांच्या आवाजात घोषणा केली, "विद्यार्थ्यांनो, राष्ट्रगीत!" आमचे साहेबसुद्धा खुर्चीतून अर्धे उठले.

मग त्याचा फोन आला. पानावर मावशीचा नंबर होता आणि दिवसा तो मोबाइल माझ्याकडे असायचा. आवाज ओळखला आणि मी मावशी झाले.

"मावशी, मी बोलतोय. ओळखलंत का?"

"कोन? गॅसवाला?"

"नाही हो, तुमचा व्हिडिओ केला होता बघा, थंडीत..."

"हां हां, टोपी!"

तो जरा हसला. "मावशी, तुमची वेबसाइट कोण बघतं?"

"लोकं बगतात ना बाबा. तू पन बगतोस."

"तसं नाही, करतं कोण? कुठली एजन्सी?"

"एक पोरगी हाय. लय आगाव हाय."

मग मुद्द्यावर आला. त्याची गिऱ्हाइकं पाकिटं परत पाठवत होती. त्याच्याच पानाखाली लिहीत होती की मावशीचा खरा माल बोईसरच्या बाजारात मिळतो, हा तो नव्हे. ऐन आगोटीत ऑर्डरी तुंबल्या होत्या आणि त्याला आता मावशीचा माल हवा होता. खराखुरा. "आपण एकत्र काम करू मावशी. तुमचा चेहरा, माझा ब्रँड."

संध्याकाळी मी हे त्याच्या आवाजात मावशीला ऐकवलं. ती मासळी साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "ये म्हनावं. बाजाराच्या दिवशी ये. माझ्याबरोबर बस. जे जे गिऱ्हाईक तुटलं त्याला सवताच्या तोंडानं सांग, तो माल जनीचा नव्हता."

तो आला. टोपी घालून आला. बाजारात मावशीच्या शेजारी गोणपाटावर मांडी घालून बसला तेव्हा आजूबाजूच्या बायकांना आगोटीचा बोनस मिळाला. "जनाबाय, जावय आनलास काय गो?" "जावय कसला, जाहिरात हाय!" "मंग गळ्यात पाटी घाल की, किलोचा भाव काय?" त्याचे कान उन्हाने लाल झाले की कशाने, कळायला मार्ग नव्हता. मावशीने बसल्या बसल्या त्याच्या मोबाइलकडे बोट केलं. "आदी तुझ्या पानावरून माझा चेहरा काड." त्याने तिथेच काढला. मी माझ्या मोबाइलवर पान परत परत उघडून बघितलं. मावशीच्या हसण्याच्या जागी करडा चौकोन आला होता. मावशीने तो निरखला. "बरी दिसते गो. मोकळी."

मग एकेक गिऱ्हाईक यायचं, मावशी फडकं उचलायची आणि त्याच्याकडे बघायची. तो म्हणायचा, "तो माल मावशींचा नव्हता." आधी पुटपुटला. मावशी म्हणाली, "व्हिडिओत माझ्या नावानं मोटा आवाज काडलास ना." मग मोठ्याने म्हणाला. सालवडच्या त्या कामगाराने तर त्याला दोनदा म्हणायला लावलं, "ज़रा फिर से बोलिए, भाई साहब, गाड़ी का हॉर्न बजा." खोटं कशाला बोलू, त्या दुपारी मी इतकी सुखी होते की मला भूकसुद्धा लागली नाही.

ऊन उतरल्यावर मावशी उठली. "चल. शिंदीन राह्यली." टोपली तिने त्याच्या डोक्यावर ठेवली. टोपी काढावी लागली त्याला त्यासाठी. रिक्षातून कॉलनीच्या गेटपर्यंत, गेटपासून बिल्डिंगपर्यंत, मग जिने. तो धापा टाकत होता आणि मी त्याच्या मागून त्याच्याच चालीची नक्कल करत चढत होते.

काकूंनी जाळीचं दार उघडलं. मावशीला बघून हसल्या, टोपलीखालच्या माणसाला बघून थांबल्या. तो बिचारा आता पाठ झालेलं म्हणून गेला. "काकू, तुम्ही माझ्याकडून मागवलेत ना, तो माल मावशींचा नव्हता. फोटो त्यांचा होता, माल नव्हता."

मी काकूंच्या तोंडाकडे बघत होते. आता कपाळावर हात मारतील, आता मावशीचे हात धरतील. याच एका तोंडासाठी मी अख्खी थंडी जागवली होती.

"मला माहीत होतं की," काकू म्हणाल्या. "पहिलंच पाकीट फोडलं आणि कळलं. मावशींच्या बोंबलाला असा वास येतोय व्हय?"

जिन्यात कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

"माहीत होतं?" मावशीने विचारलं.

"अहो, दारात येतंय ना. तुम्ही कधी येणार, कधी नाही. आणि हे आपलं बटण दाबलं की दुसऱ्या दिवशी..." काकू जरा ओशाळल्या, पण फार नाही. "मग परत मागवलं. म्हटलं, चालतंय."

टोपीवाला त्या दिवसात पहिल्यांदा हसला. मला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली, आणि पुढच्याच क्षणी वाटलं, याच्या का? मी त्याला नवव्या पानाखाली गाडलं होतं. काकूंना कुठल्या पानावर ढकलणार होते?

मावशी खाली बसली. तिने फडकं उचललं. 'बग' म्हणाली नाही. काकूंनी आतून ताट आणलं, पूर्वीसारखं दोन्ही हातांनी पुढे धरलं. मावशीने तोललं. काटा मधोमध उभा राहिला तशी ताटात ओतलं आणि तराजू टोपलीत ठेवला. आमच्याकडे कुठलीही मासळीवाली नुसतं वजन देत नाही. काटा झाल्यावर वरून एक मूठ टाकते. ती मूठ भावात नसते, ती माणसाची असते. तिच्यावरून घरात कळतं, बाईचं आणि आपलं कसं चाललंय. काकूंनी ताट तसंच धरून ठेवलं. मावशीने टोपलीवर फडकं ओढलं, कड नीट खोचली आणि उठली.

गेटपाशी टोपीवाल्याने विचारलं, "मावशी, मग माझा माल?"

"कसला माल?"

"तुम्ही म्हणालात ना, ये..."

"ये बोल्ले. देते कवा बोल्ले?" आणि टोपली त्याच्या डोक्यावरून काढून तिने आपल्या डोक्यावर घेतली.

यंदा तो सर्चमध्ये कुठे आहे, मी बघत नाही. खोटं. बघते. नाही तो. पान बंद झालंय. याचा आनंद गोड लागेल असं वाटलं होतं. लागला, दोन दिवस. मावशीची पानं मात्र वरच आहेत. वर राहायचं म्हणजे रोज बसावं लागतं, नवीन प्रश्न येतात, त्यांना उत्तर द्यावं लागतं. काल लोक विचारत होते, बोंबील घरपोच मिळतील का. तेही पान मी केलं. दारात पोचवायला सालवडचा एक रिक्षावाला ठरवला. कोणाकडे आता निमित्त राहायला नको.

आज सकाळी मोबाइलवर पहिली ऑर्डर आली ती शिंदेकाकूंची. मी ती मावशीला काकूंच्या आवाजात वाचून दाखवली, सातारी हेलासकट, "मावशी, यंदा भवानी आमचीच हां, पोरींना पण पाठवायचेत." माझी काकू एकदम बिनचूक येते. शेजारची बाई भिंतीपलीकडून हसली.

मावशी हसली नाही. तिने बोंबील चाळायला घेतले, तुटके बाजूला, अख्खे बाजूला.

"पाटव," म्हणाली. "अख्खे पाटव. आनि वजन बरोबर कर."

मी काटा बघून भरले. एक तुकडा जास्त होत होता, तो तिने परत काढला.